जुने चित्रपट, नवे चित्रपट : जपानचे आणि आपले



तिसगावच्या व्यासपीठावर जपानी चित्रपटांचे काय काम, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात असेल. ती रास्त आहे. पण 'पूर्वीसारखे चित्रपट आता निघत नाहीत' ही जी तक्रार आपण पारावर बसून करतो, तीच तक्रार जपानातही होते. घरच्या भांडणाचा निवाडा करताना नाती आडवी येतात. शेजारच्या घरातले तेच भांडण आधी पाहिले, तर नजर थोडी निवळते. एवढ्यासाठीच हा लांबचा फेरा आम्ही घेत आहोत. शेवटी आपण नगर जिल्ह्यातच येऊन पोहोचणार आहोत.

जपानी चित्रपटाचा सुवर्णकाळ कोणता, असे विचारले तर जाणकार १९५० च्या आसपासची दहापंधरा वर्षे दाखवितात. अकिरा कुरोसावा यांचा 'राशोमोन' १९५० साली निघाला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. रानात एक माणूस मारला जातो. जो तो त्या प्रसंगाची हकीकत सांगतो आणि एकाची साक्ष दुसऱ्याशी जुळत नाही. तालुक्याच्या कोर्टात ज्यांनी दोन दिवस काढले आहेत, त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही! परंतु ज्या कंपनीने तो काढला, तिच्या मालकालाच तो नीट कळला नव्हता. तोक्योत राहणाऱ्या एका इटालियन बाईंनी आग्रह धरला म्हणून तो परदेशी गेला, आणि तो गेला आहे याचा पत्ता खुद्द कुरोसावांनाही नव्हता. ज्या काळाला आज आपण सोन्याचा म्हणतो, त्या काळातल्या माणसांना तो सोन्याचा आहे हे कोणी सांगितले नव्हते.

दुसरे नाव यासुजिरो ओझू यांचे. यांच्या 'तोक्यो स्टोरी'पाशी आम्ही जरा थांबणार आहोत. हा चित्रपट १९५३ चा. एका लहान गावातले म्हातारा-म्हातारी शहरात स्थायिक झालेल्या मुलांना भेटायला निघतात. मुलगा डॉक्टर, मुलीचे केशभूषेचे दुकान. कोणी वाईट नाही, कोणी टाकून बोलत नाही. फक्त कोणाला वेळ नाही. शेवटी मुले वर्गणी काढतात आणि आईबापांना हवापालटाच्या एका ठिकाणी पाठवून देतात, म्हणजे घरातली अडचणही दूर व्हावी आणि कर्तव्यही केल्यासारखे दिसावे. तेथे रात्रभर नाचगाण्याचा गोंगाट. दोघेही झोपेविना परत येतात. त्यांची खरी विचारपूस करते ती युद्धात हरवलेल्या मुलाची विधवा पत्नी, म्हणजे रूढ अर्थाने जिचा आता संबंध उरला नाही ती सून. गावी परतल्यावर म्हातारी जाते. मुले येतात, रडतात, आणि आईच्या वस्तूंपैकी आपल्याला काय हवे ते मुलगी लगेच मागून घेते.

यात ना खलनायक, ना मारामारी. ओझूंचा कॅमेरा चटईवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर असतो आणि फारसा हलत नाही. आपल्या माजघरात मांडी घालून बसल्यावर घर जसे दिसते, तसे ते घर दिसते. मुले पुण्याला किंवा चाकणला कामाला आहेत अशी कितीतरी घरे या गावात आहेत. त्यांतल्या वडीलधाऱ्यांना जपानी भाषेचे एक अक्षर कळले नाही तरी हा चित्रपट कळेल, असे आम्हांस वाटते.

आता गंमत पाहा. याच चित्रपटाच्या वेळी ओझूंच्या हाताखाली शोहेई इमामुरा नावाचा तरुण साहाय्यक होता. त्याला गुरूची ही शांत, नेटकी पद्धत मुळीच रुचली नाही. तो तेथून निघाला आणि गावकुसाबाहेरच्या, दारिद्र्यातल्या, रांगड्या माणसांचे चित्रपट काढू लागला. कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक त्याला दोनदा मिळाले, १९८३ मध्ये आणि १९९७ मध्ये. म्हणजे जुन्यांनी नव्यांना नावे ठेवावीत तशी नव्यांनीही जुन्यांना ठेवली, आणि दोघांचेही चित्रपट टिकले.

टिकले, हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. १९६० साली जपानात पाचशेच्या वर चित्रपट निघाले. त्यांतले आज जगाला किती ठाऊक आहेत? दहावीस. बाकीचे काळाच्या चाळणीतून खाली पडले. आपण काय करतो, तर चाळणीवर उरलेले ते दाणे एका हातात घेतो, यंदाच्या खळ्यातली रास कोंड्याभुशासकट दुसऱ्या हातात घेतो आणि म्हणतो, पूर्वीचे धान्यच चांगले! ही तुलना कोणताही शेतकरी मान्य करणार नाही. शिवाय ती चाळण न्यायीही नसते. १९२३ च्या भूकंपात आणि पुढे युद्धात जपानचे बहुतेक मूकपट नष्ट झाले. आपल्याकडे तेराशेच्या वर मूकपट निघाले. त्यांतले तीसच्या आसपास उरले आहेत, तेही बरेचसे तुकड्यातुकड्यांनी. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा 'सावकारी पाश', ज्यात सावकारापायी जमीन गमावणारा शेतकरी होता आणि तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती, तो मूकपट आज पाहायला मिळत नाही. २००३ साली पुण्याला चित्रपट संग्रहालयाच्या साठ्याला आग लागली, तीत आणखी कितीतरी जुनी रिळे गेली.

तरीही सगळे चाळणीवर ढकलून मोकळे होणे आम्हांस पटत नाही. त्या काळात काहीतरी खरोखरच होते. ते काय, याचे आमचे उत्तर असे की, तेव्हा कारखाना होता आणि कारखान्यात शागिर्दी होती. कुरोसावा १९३६ साली कंपनीत साहाय्यक म्हणून लागले. काजिरो यामामोतो या दिग्दर्शकाच्या हाताखाली लिहायला शिकले, फिल्म कापून जोडायला शिकले, आणि १९४३ साली त्यांचा पहिला चित्रपट पडद्यावर आला. सात वर्षांची उमेदवारी, आणि तीही पगारी. कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत हेच चालले होते. ज्यांनी स्वदेशी कॅमेरा बनविला त्या पेंटरांच्या हाताखाली दामले, फत्तेलाल, शांताराम ही मंडळी तयार झाली आणि त्यांनी १९२९ साली 'प्रभात' काढली. पडदा रंगविण्यापासून ध्वनी मुद्रित करण्यापर्यंतचे काम तेथे हाताने शिकलेले होते. दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम' १९३६ चा. व्हेनिसला त्याचा गौरव झाला तो १९३७ साली, म्हणजे 'राशोमोन'च्या चौदा वर्षे आधी. विष्णुपंत पागनिसांच्या तुकारामाची वाखाणणी सगळे करतात. आम्हांस मात्र त्या चित्रपटातली आवली अधिक मोलाची वाटते. देव आणि दारिद्र्य या दोहोंशी एकाच वेळी भांडणारी ती बाई आजही कोणत्याही वाडीवर भेटेल.

पुढे हे कारखाने मोडले. 'प्रभात' १९५३ च्या सुमारास संपली. जपानात १९५८ साली वर्षाला एकशेबारा कोटींवर तिकिटे खपली होती. घरोघरी दूरचित्रवाणी आली आणि १९७० नंतर हा आकडा वीस कोटींच्या खाली उतरला. ज्या कंपनीने 'राशोमोन' काढला, तिचे १९७१ साली दिवाळे निघाले. कुरोसावांना मायदेशात पैसा मिळेना. एक चित्रपट त्यांनी रशियात जाऊन काढला, तर दुसऱ्यासाठी दोन अमेरिकन शिष्यतुल्य दिग्दर्शकांनी शब्द टाकला. मराठीची गोष्ट आपण जाणताच. 'श्यामची आई'ला १९५४ साली पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. त्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा तो मान पुन्हा मराठीकडे यायला 'श्वास' निघेपर्यंत, म्हणजे २००४ पर्यंत, पन्नास वर्षे जावी लागली. मधल्या काळात काहीच नव्हते असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. दादा कोंडके यांना नाके मुरडणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, ते लोकनाट्याच्या रंगमंचावर तावून निघालेले होते आणि भालजी पेंढारकरांनी त्यांना पडद्यावर आणले. तीही शागिर्दीच.

मग आजचे चांगले चित्रपट येतात कोठून? जपानात हिरोकाझु कोरे-एदा दूरचित्रवाणीसाठी माहितीपट करता करता शिकले. त्यांच्या 'शॉपलिफ्टर्स'ला २०१८ साली कानचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. र्युसुके हामागुची तोक्योच्या कलाविद्यापीठात शिकले. त्यांच्या 'ड्राइव्ह माय कार'ला २०२२ साली ऑस्कर मिळाले. कारखाना गेला, तेव्हा शाळा उभी राहिली. आणि तशी एक शाळा येथून एस.टी.ने तासदीड तासावर आहे. नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापनशास्त्राचा अभ्यासक्रम आहे. 'फँड्री' आणि 'सैराट'चे नागराज मंजुळे तेथे शिकले. श्रीगोंदे तालुक्यातल्या गव्हाणेवाडीचे भाऊराव कऱ्हाडेही तेथलेच.

कऱ्हाडे यांच्या 'ख्वाडा'त मेंढरांमागे फिरणारे एक धनगर कुटुंब आहे, एका जागी संसार मांडू पाहणारा तरुण मुलगा आहे आणि वाटेत आडवा येणारा गावपुढारी आहे. शशांक शेंडे यांचा बाप पाहावा. माणूस बोलतो कमी आणि त्याची काठीच जास्त बोलते. मढीच्या यात्रेत भटक्या जमातींचे जे चेहरे आपण दरवर्षी पाहतो, त्यांना पडद्यावर अशी जागा 'प्रभात'नेही दिली नव्हती. त्यातली मेंढरांची, वाऱ्याची, माळाची चाहूल स्टुडिओत बनविलेली नाही; प्रत्यक्ष जागेवरच्या त्या ध्वनिमुद्रणाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि दिग्दर्शकाला परीक्षकांचा विशेष पुरस्कार. उत्तरार्धातली हाणामारी आम्हांस थोडी लांबलेली वाटली, हेही सांगून ठेवतो.

परंतु हा चित्रपट उभा राहिला कशावर? कऱ्हाडे यांनी आपली शेतजमीन विकली. कुरोसावा पगार घेऊन शिकले, दामले-फत्तेलाल कंपनीच्या छपराखाली शिकले. आपल्या जिल्ह्यातल्या मुलाला पहिला चित्रपट काढण्यासाठी रान विकावे लागले. 'सावकारी पाश'मधल्या शेतकऱ्याची जमीन कर्जापायी गेली. येथे ती त्या शेतकऱ्याच्या नातवंडांची गोष्ट सांगण्यापायी गेली. म्हणून 'हल्ली चांगले निघतच नाही' हे वाक्य आम्हांस निरुपद्रवी वाटत नाही. तिकीट न काढता ते बोलले जाते, खेळ रिकामा जातो, थिएटरवाला तो चित्रपट दुसऱ्या आठवड्यात उतरवतो, आणि रान विकणाऱ्याच्या पदरी काय पडते याचा हिशेब कोणी मांडत नाही. जपानातल्या जाणकारांनी ओझूंना जुनाट म्हटले, तेव्हा निदान ओझूंचा पगार चालू होता.

तेव्हा या व्याख्यानमालेच्या चालकांना आमची एक सूचना आहे. पुढल्या वर्षी व्याख्यानांतली एक संध्याकाळ कमी करावी, रीतसर परवानगी काढून शाळेच्या पटांगणात पडदा लावावा आणि लागोपाठ दोन रात्री 'ख्वाडा' व 'संत तुकाराम' दाखवावेत. पहिल्या रात्री 'ख्वाडा'च असावा. तुकोबांना गर्दी होईलच. त्यांची काळजी नको. तारीख मात्र बेताने धरावी, उसाच्या फडावर गेलेली माणसे तोवर गावी परतलेली असावीत.