लिस्बनची मतपेटी आणि आपली आमली



२ ऑगस्ट १९५४ ही तारीख आमलीतल्या जुन्या मराठी घरांत पाठ आहे. मुक्तीच्या त्या मोहिमेत सुधीर फडके होते, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. आज मी आपल्याला दुसऱ्या एका तारखेकडे नेणार आहे. ८ जून १९५८. त्या दिवशी पोर्तुगालमध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली.

तेव्हा इथे वरिष्ठ पंचायतीचा कारभार चालू होता. पण लिस्बनने आपल्यावरचा हक्क सोडला नव्हता. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात त्यांचा दावा चालूच होता. तिकडे सालाझारांची हुकूमशाही होती. सत्तेच्या उमेदवारासमोर जनरल उंबेर्तो डेल्गादो उभे राहिले. निवडून आलात तर सालाझारांचे काय कराल, असे पत्रकारांनी विचारले. अर्थातच काढून टाकीन, असे त्यांनी सरळ सांगितले. पोर्तो शहरात त्यांच्या स्वागताला रस्ते भरून गेले. मतमोजणीवर मात्र विरोधकांना देखरेख ठेवू दिली नाही. निकालात त्यांच्या नावावर जेमतेम पाव हिस्सा मते दाखवली गेली.

अनेकांनी तो निकाल मानला नाही. काही ठिकाणी कामगारांनी काम बंद ठेवले. पोर्तोच्या बिशपांनी सालाझारांना परखड पत्र लिहिले आणि त्यापायी त्यांना दहा वर्षे परदेशात काढावी लागली. डेल्गादोंनी ब्राझीलच्या वकिलातीत आश्रय घेतला. १९५९ मध्ये सरकारने कायदा बदलून राष्ट्राध्यक्ष थेट निवडण्याचा लोकांचा अधिकारच काढून घेतला. १९६५ मध्ये स्पेनच्या हद्दीत गुप्त पोलिसांनी डेल्गादोंचा खून केला.

कोणी म्हणेल, हे त्यांच्या घरचे भांडण. आपल्याला काय त्याचे? शंका रास्त आहे. डेल्गादो काही वसाहती सोडण्याचे वचन देत नव्हते. पण जे सरकार स्वतःच्या माणसांची मते नीट मोजत नाही, ते गोव्यातल्या सत्याग्रहीचे काय ऐकणार? १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडणारे राज्य आणि मतमोजणी झाकून ठेवणारे राज्य एकच होते.

आझाद गोमंतक दलाच्या मोहन रानड्यांची आठवण इथे होते. गोवा मुक्त झाल्यावरही ते लिस्बनजवळच्या तुरुंगात होते. पोर्तुगालचे स्वतःचे राजबंदीही तिथेच कोंडलेले होते. रानड्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके महाराष्ट्रात झटले, तर तामिळनाडूच्या अण्णादुराईंनी थेट पोपकडे शब्द टाकला. जानेवारी १९६९ मध्ये ते सुटले. मराठी कैद्यासाठी तमिळ नेता रोममध्ये रदबदली करतो, यालाच मी जगाचे ऐक्य म्हणतो.

२५ एप्रिल १९७४ ला, आफ्रिकेतल्या युद्धांना कंटाळलेल्या सैन्यानेच ती हुकूमशाही उलथवली. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला दिल्लीत करार झाला. गोवा, दमण, दीव यांच्याबरोबर दादरा आणि नगर हवेलीवरचे भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने त्यात मान्य केले. भारतातर्फे सही केली यशवंतराव चव्हाणांनी. पोर्तुगालतर्फे सही करणारे मारियो सुआरेश हे डेल्गादोंच्या कुटुंबाचे वकील. हुकूमशाहीने त्यांनाही तुरुंग आणि हद्दपारी दाखवली होती.

म्हणजे आपल्या भूमीवरचा दावा लिस्बनने सोडला तो तिथला माणूस मोकळा झाल्यावर. आज जगात कुठेही लोक आपल्या मताचा हिशेब मागायला रस्त्यावर उतरले, तर ते आपल्या बाजूचे आहेत की नाहीत, हे आधी विचारू नका. मोजणी उघड्यावर झाली का, एवढे विचारा. आणि तोच प्रश्न आपल्या घरच्या निवडणुकीतही, आपला उमेदवार जिंकला तरी, विचारण्याची सवय ठेवा.