सहलीच्या यादीत आपले नाव



मी सातवी शिकलेली. तेव्हा घरातलेच बोलते.

आमच्या सासूबाईंचा जन्म कृष्णाकाठी गेला. सत्तरी उलटली तरी समुद्र पाहिला नव्हता. म्हणून गेल्या साली कराडहून कुंभार्ली घाट उतरून, चिपळूणवरून गुहागरला गेलो. गणपतीपुळ्यापेक्षा तेथे गर्दी कमी. व्याडेश्वराच्या देवळामागे थोडे चालले की सुरूची सावली आणि समुद्र.

पण मुलांची सुट्टी तेवढी पाहिली, तिथी पाहिली नाही. निघाली अमावास्या! भर दुपारी उधाणाची भरती. लाटांच्या भीतीने सासूबाई सुरूखालून हलल्या नाहीत. आणि मी? सर्वांना दशम्या-पिठले वाढता वाढता समुद्राकडे पाठ करून बसले.

तेथल्या एका बाईंनी हिशेब सांगितला. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, ती साधारण भरतीची वेळ. अष्टमीला सहा, म्हणजे बाराच्या सुमारास ओहोटी. शिवाय अष्टमीची भरती लहान. उपासाच्या तिथी आपल्याला पाठ असतात. त्या सहलीलाही कामी येतात.

पुढे रविवारी आलेली अष्टमी साधून पहाटे चारला निघालो. प्रत्येकाचा डबा वेगळा बांधला. वाढणेच ठेवले नाही. सासूबाई माझा हात धरून घोटाभर पाण्यात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघतीस? समुद्र बघ की गं!"

भगिनींनो, सहलीच्या यादीत मिठापासून सतरंजीपर्यंत सगळे लिहितो. त्यात आपलेही नाव लिहावे.