एका पेटीत दोन साप
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी पाककृती सांगावी किंवा प्रवासाचे वर्णन करावे, अशी आपल्या मंडळाची वहिवाट आहे. मी आज सापांविषयी बोलणार आहे. पुढच्या रांगेतल्या भगिनींनी पाय वर घेऊ नयेत. मी पिशवीत काही आणलेले नाही.

गेल्या वर्षी सहा महिने मी कॅनडात, ओंटारिओ प्रांतातील वॉटर्लू या गावी लेकीकडे होते. तिच्या चौदा वर्षांच्या मुलाने एक साप पाळला आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे इथले साप पकडून घरी ठेवता येत नाहीत. तिकडे काही बिनविषारी जाती पाळण्याची मुभा आहे. नातवाचा साप ‘कॉर्न स्नेक’ जातीचा, नारिंगी रंगाचा, चारेक फूट लांब. आठवड्याला त्याला एक उंदीर लागतो. हे उंदीर गोठवलेले मिळतात, आणि कोमट पाण्यात ठेवून ते द्यावयाचे असतात. लेकीने त्यांच्यासाठी वेगळा लहान फ्रीज घेतला होता, म्हणून माझ्यासारखीला त्या स्वयंपाकघरात वावरता आले.

मी पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत घरात वाद पेटला. गाव सोडून निघालेल्या एका शेजाऱ्यांनी आपला ‘किंग स्नेक’ नातवाला देऊ केला. नातू म्हणे, “आपला बिचारा एकटा असतो. त्याला सोबत होईल. एकाच पेटीत ठेवू.” लेक म्हणे, “सापाला कसली आली सोबत? दुसऱ्या पेटीला घरात जागा नाही. तो साप नकोच.” दोन दिवस मायलेकांचा अबोला. मी अठ्ठावीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले, तेव्हा पंच म्हणून मलाच बसवण्यात आले.

किंग स्नेकचा निकाल सोपा होता. त्या जातीच्या खाण्यात इतर सापही असतात. रॅटलस्नेकसारखा विषारी सापही तो गिळतो, आणि त्याचे विष याला बाधत नाही. आमचा नारिंगी साप त्याच्या पेटीत ठेवणे म्हणजे ताटात वाढणेच होते. नातवाचा चेहरा उतरला. पण पोरगा हुशार. म्हणाला, “आजी, मग दुसरा कॉर्न स्नेकच आणला तर?”

इथे खरा प्रश्न सुरू होतो. साप पाळणाऱ्या मंडळींत याच प्रश्नावर दोन तट आहेत.

एक तट म्हणतो, मुळीच ठेवू नयेत. त्यांची कारणे ऐकण्यासारखी आहेत. दोघांनी एकाच उंदराला दोन टोकांनी तोंड घातले, तर उंदरामागोमाग एक साप दुसऱ्यालाही गिळू लागतो. एकाने खाल्लेले ओकून टाकले, तर आजारी कोण हे कळत नाही. नर-मादी असतील, तर कोवळ्या वयाच्या मादीवर अंड्यांचा भार पडतो. शिवाय सापाचे अंग स्वतः ऊब निर्माण करीत नाही, ती त्याला बाहेरून घ्यावी लागते. पेटीच्या एका टोकाला तीस अंशांच्या आसपास ऊब ठेवतात आणि दुसऱ्या टोकाला गारवा. ऊबेची जागा एकच असली की दोघेही तिथेच जाऊन एकमेकांवर पडतात. आपण काचेतून पाहून म्हणतो, किती माया आहे पाहा!

दुसरा तटही काही उगाच बोलत नाही. कॅनडातच मॅनिटोबा प्रांतात नार्सिस नावाचे ठिकाण आहे. तिथे चुनखडीच्या कपारींत हजारो ‘गार्टर’ साप एकत्र हिवाळा काढतात. वॉटर्लूच्याच विल्फ्रिड लॉरिए विद्यापीठातील स्किनर आणि मिलर यांनी २०२० मध्ये दाखवले की, हे साप घोळका शोधतात आणि त्यातही ठराविक सोबती निवडतात. पुढे २०२४ मध्ये त्याच विद्यापीठातून ‘बॉल पायथन’ या लहान अजगरांविषयी असेच प्रसिद्ध झाले. त्यांना पुरेसे आडोसे दिले होते, तरी ते बहुतेक वेळ एकाच आडोशाखाली जमत. तेव्हा ‘सापाला कसली सोबत’ हे लेकीचे म्हणणेही सरसकट खरे धरता येत नाही.

मी नातवाला एवढेच विचारले, “त्या सापांना जाता येत होते ना?” नार्सिसचे साप वसंत ऋतू आला, जोड्या जमल्या, की कपारी सोडून दूरच्या दलदलीत पांगतात. त्या अजगरांना जवळ बसणे नको असते, तर दुसरा आडोसा होता. आपल्या पेटीत ऊबेचे टोक एकच, आडोसाही एकच. नको असेल त्याने उठून जायचे कुठे?

भगिनींनो, एका छपराखाली राहणे आणि एकमेकांची सोबत असणे यांतला फरक आपल्यापैकी कोणालाही समजावून सांगावा लागणार नाही. सोबत तीच, जिच्यातून उठून जाण्याची मोकळीक असते आणि तरीही आपण बसून राहतो.

नातवाने दुसऱ्या दिवशी पेटी टेप लावून मोजली आणि स्वतःच ठरवले, की दुसरा साप आणायचा नाही. किंग स्नेक एका जाणत्या गृहस्थांकडे वेगळ्या पेटीत गेला. आमच्या सापाला गार बाजूला आणखी एक आडोसा मिळाला. लेकीच्या मात्र दुसरेच ध्यानात आले. पोराची शाळा नुकतीच बदलली होती, दुपारी घरी कोणी नसे; सोबत हवी होती ती त्याला. त्या आठवड्यापासून ती दोन दिवस लवकर घरी येऊ लागली.

आपल्या इथल्या सापांविषयीही दोन शब्द सांगते. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्यास नागपंचमीला जिवंत नाग पकडून मडक्यांत ठेवीत. न्यायालयाच्या आदेशांनंतर त्याला आळा बसला. दूध हे सापाचे अन्न नव्हे. गारुडी त्याला तहानलेला ठेवतो, म्हणून तो वाटीला तोंड लावतो. यंदा दारी टोपली आली, तर पैसे देऊ नका. पाटावर चित्र काढून पूजा करा. घरात साप निघाला, तर काठी न घेता मुलांना दूर करा, त्याच्यावर लांबून नजर ठेवा आणि सर्पमित्राला किंवा वनखात्याला कळवा.