नाव आपलं, किल्ली कोणाकडे?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



माझी कुडाळात लहानशी प्रेस आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं आणि मुख्यतः बाटल्यांची लेबलं. कोकम, आंबापोळी, फणसपोळी, कुळथाचं पीठ असे घरगुती व्यवसाय करणारे पुष्कळ लोक माझ्याकडे येतात. लेबलावर काय हवं असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. समुद्र, माड, मावळता सूर्य, कोपऱ्यात गणपती आणि वर मोठ्या अक्षरात 'कोकण स्पेशल'. मीही वर्षानुवर्षं तसंच छापून देत आलो. दुकानाच्या फळीवर अशा दहा बाटल्या ओळीत ठेवल्या तर करणाऱ्यालाही आपली बाटली ओळखता यायची नाही!

आमच्या ओळखीतल्या एक वहिनी आगळ आणि सोलं करतात. कोकमाची साल रसात बुडवून उन्हात घालायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. हे सगळं एप्रिल-मे मध्ये, पाऊस यायच्या आत. माल उत्तम. त्यांच्या मुंबईच्या भाच्यानं एका ओळखीच्या मुलाकडून वेबसाइट करून दिली आणि तिचा पत्ता मी लेबलावर छापला. पाच हजार लेबलं.

पहिली तक्रार आली पुण्याहून. एका बाईंनी आगळ मागवलं, पाणी घालून पाहुण्यांना दिलं आणि सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. आगळ म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस, सोलकढीसाठीचा. साखरेचं ते अमृत कोकम. आपल्याकडे हे शाळकरी पोरालाही माहीत, पण घाटावर कोणाला ठाऊक असणार? वेबसाइटवर सूर्यास्ताची तीन चित्रं होती, हे एक वाक्य मात्र नव्हतं. माझ्या मते वेबसाइटचं पहिलं काम तेच. वस्तू काय आहे, कशासाठी आहे, किती दिवस टिकते, पोचायला किती दिवस लागतात, फोन कोणाला करायचा. बाकी नक्षी मागाहून.

दुसरी गोष्ट शोधण्याची. त्या मुलानं सगळा मजकूर चित्रात घातला होता, म्हणजे लेबलाचा फोटोच चिकटवलेला. फोटोतली अक्षरं शोधयंत्राला सापडतीलच याचा भरवसा नसतो. मजकूर युनिकोडमध्ये टाइप केलेलाच हवा. शिवाय आपण सोलं म्हणतो ते पुण्यात आमसूल आणि गोव्यात भिरंडाची सोलां. कोणी कोकम लिहील, कोणी कोकुम. ही सगळी नावं मजकुरात सहज यायला हवीत, नाही तर पुण्याचं गिऱ्हाईक आमसूल शोधत दुसऱ्याच्या दारात जातं.

आता खरी हकीकत. एका एप्रिलमध्ये, ऐन हंगामात, वेबसाइट उघडेना. चौकशी केली तेव्हा कळलं, वेबसाइटचा पत्ता, म्हणजे डोमेन, त्या मुलानं स्वतःच्या नावानं घेतला होता. डोमेन कायमचं विकत मिळत नाही. ते ठरावीक वर्षांसाठी घ्यायचं आणि मुदत संपण्याआधी पैसे भरून चालू ठेवायचं असतं. आठवणीच्या सूचना त्या मुलाच्या जुन्या ईमेलवर जात होत्या. तो नोकरीसाठी परगावी गेला होता, फोनही बदललेला. मुदत संपल्यावर बहुतेक डोमेन काही दिवस जास्तीचं शुल्क भरून सोडवता येतं, पण ज्याच्या नावावर आहे त्यालाच. तेही दिवस निघून गेले आणि पत्ता तिसऱ्याच कोणी घेतला. तिथे भलत्याच जाहिराती दिसू लागल्या.

वहिनी मला म्हणाल्या, "भाऊ, नाव माझा नि चावी दुसऱ्याकडे?"

मुलाचा हेतू वाईट नव्हता. त्यानं काम फुकट करून दिलं होतं आणि फुकटच्या कामात कागद कोण बघतो? पण डोमेनची नोंद आपल्या नावानं, ईमेल आपला, पासवर्ड आपल्या वहीत, हे करून घेणाऱ्यानंच पाहायला हवं.

मग वहिनींनी नावाचाच विचार नव्यानं केला. 'कोकण स्पेशल'सारखं, नुसतं गाव किंवा गुण सांगणारं नाव ट्रेडमार्क म्हणून सहसा नोंदवून मिळत नाही. 1999 च्या कायद्यात तशी अडचण आहे. चितळे, बेडेकर ही मंडळी आडनावावर मोठी झाली, पण त्यामागे पिढ्यांचा धंदा आहे. वहिनींनी आपल्या घराला गावात ज्या नावानं ओळखतात ते नाव घेतलं. 2017 च्या नियमांनुसार एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाला एका वर्गासाठी साडेचार हजार रुपये लागतात आणि नोंदणी दहा वर्षांची मिळते. सरबत एका वर्गात, वाळवलेली सोलं दुसऱ्या वर्गात, म्हणून आधी एकाच वर्गात अर्ज केला. नोंदणी हातात येईपर्यंत नावापुढे टीएम लिहायचं, वर्तुळातला आर नाही. नोंदणी नसताना तो लावणं गुन्हा आहे. हे मलाही तेव्हाच समजलं. त्याआधी गिऱ्हाईक म्हणेल तिथे मी तो आर छापत होतो.

नव्या लेबलावर सूर्यास्त नाही. पांढऱ्यावर कोकमाच्या रंगात घराचं नाव, खाली ठळक 'आगळ, सोलकढीसाठी, मीठ घातलेले', मागे वजन, किंमत, तारीख, पत्ता आणि अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक. वेबसाइटवरचे फोटो पडवीत, सकाळच्या उजेडात, मोबाइलवर काढले.

पण तो हंगाम जुन्याच लेबलांवर काढावा लागला. बाटल्या भरून तयार होत्या. चुकीच्या पत्त्यावर फोन नंबराची पट्टी चिकटवायला वहिनी, त्यांची सून आणि मी अशी तिघं दोन रात्री बसलो. त्या पट्ट्यांचे पैसे मी घेतले नाहीत. पाच हजार लेबलांवर पत्ता छापताना तो कोणाच्या नावावर आहे, हे मीही विचारलं नव्हतं.