अंधार कोणी केला?

(सोनारी, तालुका परांडा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले भाषण)



काळभैरवनाथाच्या या गावात अमेरिकेतील एका दूरदर्शन मालिकेची चर्चा कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडेल. 'झीरो डे' ही सहा भागांची मालिका २०२५ च्या फेब्रुवारीत नेटफ्लिक्सवर आली. तीत एका संगणकी हल्ल्याने सबंध देशाचे व्यवहार एक मिनिटभर ठप्प होतात आणि तेवढ्यात हजारो माणसे प्राणाला मुकतात. हल्लेखोर शोधण्यासाठी आयोग नेमला जातो. रॉबर्ट डी नीरो यांनी रंगविलेले माजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज मलन हे त्याचे प्रमुख. न्यायालयापुढे उभे न करता माणसाला कोंडून ठेवण्याचा अधिकारही या आयोगाला मिळतो. संशयाचे बोट प्रथम रशियाकडे जाते. उघडकीस येतो तो मात्र देशातल्याच काही लोकप्रतिनिधींचा व धनवंतांचा कट. प्रतिनिधिगृहाचा सभापतीच त्यात सामील असतो.

मालिका पकड घेणारी आहे, पण तिचा निष्कर्ष तपासून घ्यावा लागतो. देश वाचतो तो एका वृद्ध नेत्याच्या सदसद्विवेकामुळे. तो नेता तसा नसता तर काय झाले असते, याचे उत्तर मालिकेपाशी नाही. लोकशाही समाजवाद्यांना ते शोधावेच लागते, कारण सत्पुरुषाच्या भरवशावर टिकणारे स्वातंत्र्य हे खरे पाहता उसनवारीचे स्वातंत्र्य असते.

महाराष्ट्राला या कथेची चव मिळून चुकली आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई अंधारली. कळवा-पडघे भागातील ४०० केव्हीच्या वाहिन्या बंद पडल्या, लोकलगाड्या रुळांवर उभ्या राहिल्या आणि कोरोनाच्या ऐन साथीत रुग्णालयांना जनित्रांचा आधार घ्यावा लागला. पुढे २८ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यूयॉर्क टाइम्सने चिनी हस्तकांच्या शक्यतेची बातमी दिली. दुसऱ्याच दिवशी राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी राज्य सायबर विभागाच्या अहवालाच्या आधारे घातपाताचा संशय बोलून दाखविला. त्यानंतर लगेच तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी सांगितले की, हा सायबर हल्ला नसून मानवी चूक होती. चीनने आरोप फेटाळला.

एकाच अंधाराची दोन सरकारांनी दोन कारणे सांगितली. राज्यात एका आघाडीची सत्ता होती, केंद्रात तिच्या विरोधकांची. सामान्य नागरिकाने कोणावर विश्वास ठेवावा? पूल कोसळला तर तुटलेला खांब डोळ्यांना दिसतो. संगणकाच्या आत काय घडले हे कोणालाच दिसत नाही. म्हणून ज्याच्या हाती तपासाचा अहवाल, त्याच्या हाती सत्य, अशी स्थिती उत्पन्न होते. अज्ञात शत्रूकडे बोट दाखवून स्वतःची हयगय झाकणे सोपे होते, आणि खरा हल्ला झाला असताना त्याला किरकोळ बिघाड म्हणणेही तितकेच सोपे होते.

भीतीच्या नावाने अधिकार कसे मागितले जातात, हे समाजवादी चळवळीला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी पुकारली गेली आणि एस. एम. जोशींच्या पठडीतले असंख्य कार्यकर्ते तुरुंगात गेले. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने नागरिकाचा बंदिप्रत्यक्षीकरणाचा मार्ग बंद केला. एकटे न्यायमूर्ती ह. रा. खन्ना वेगळे उभे राहिले. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, असे ठरले. पण आज बोलणे थांबविण्यासाठी आणीबाणीची गरज उरलेली नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत मराठा आंदोलनाच्या वेळी जालना, बीड व संभाजीनगर या मराठवाड्यातील जिल्ह्यांत इंटरनेट बंद केले गेले. असे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजीच दिलेला आहे. शत्रूने तार तोडली तर तो हल्ला आणि सरकारने तोडली तर ती सुव्यवस्था, हा भेद आदेश वाचल्याशिवाय मान्य करता येत नाही.

म्हणजे धोका काल्पनिक आहे असे नव्हे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून बनावट कार्डे आणि परदेशी हस्तांतर या मार्गांनी सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. १९०६ साली स्थापन झालेली बँक दोन दिवसांत पोखरली गेली. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे संगणक बंद पडले आणि कित्येक दिवस रुग्णांच्या नोंदी हाताने कराव्या लागल्या. त्या हाताने करता आल्या म्हणून रुग्णालय चालू राहिले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

युक्रेनचा अनुभव याहून बोलका आहे. २३ डिसेंबर २०१५ रोजी हल्लेखोरांनी तेथील तीन वीज वितरण कंपन्यांच्या यंत्रणेत शिरून सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांचे दिवे घालविले. काही तासांतच ते पुन्हा लागले, कारण कर्मचारी उपकेंद्रांवर गेले आणि त्यांनी हाताने खटके चढविले. देशाचे संरक्षण त्या रात्री कामगारांच्या हातांनी केले. वायरमनच्या जागा रिक्त ठेवणाऱ्या, कायम कामगाराच्या जागी कंत्राटी माणूस उभा करणाऱ्या धोरणाने हेच हात कमी होत आहेत. खर्चात बचत म्हणून जे दाखविले जाते, त्यात संकटकाळचा आधार विकला जातो.

सोनारीचा संबंध येथे येतो. शिधावाटप दुकानात अंगठा उमटला नाही किंवा सर्व्हर बंद पडला, तर मजुरी बुडवून आलेली बाई रिकामी पिशवी घेऊन परतते. यंत्र परकीय शत्रूने बंद पाडले की कंत्राटदाराच्या निष्काळजीपणाने, तिच्या चुलीला त्याचा फरक पडत नाही. अन्नाचा हक्क तिला २०१३ च्या कायद्याने दिला आहे. तो यंत्राच्या मर्जीवर ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी चार मागण्या लावून धराव्यात. मोठ्या बिघाडाचा तपास सरकारच्या खात्याऐवजी विधिमंडळाच्या सर्वपक्षीय समितीपुढे व्हावा आणि सुरक्षेपुरता भाग वगळून अहवाल प्रसिद्ध व्हावा. शिधा, निवृत्तिवेतन व सातबारा यांसाठी कागदी नोंदवहीचा पर्याय सदैव तयार असावा. वीज व पाणी यंत्रणेत प्रशिक्षित, कायम कर्मचारी असावेत. इंटरनेटबंदीचा प्रत्येक आदेश, त्याच्या कारणांसह, तहसील कचेरीच्या फलकावर लागावा.

मालिकेतल्या मलनची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. पुढच्या वेळी दिवे गेले की ते कोणी घालविले, हे विचारण्याचा आणि उत्तर कागदावर मिळविण्याचा हक्क सोनारीच्या ग्रामसभेलाही आहे. तो बजावण्याची सुरुवात शिधावाटप दुकानातल्या नोंदवहीपासून करता येईल.