वाहिनीला कुंपण, तारेला मोकळे रान

(व्याख्यानाचा संपादित अंश)



दूरचित्रवाणीवर काय दाखवतात, याची चर्चा आपल्या घराघरांत नित्य होते. ती कोणाच्या मालकीची आहे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. आज त्याच प्रश्नाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो.

२५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीतील बहादूरशाह जफर मार्गावरील वृत्तपत्रांची वीज तोडण्यात आली. आकाशवाणीची वीज तोडण्याची गरजच पडली नाही. ती शासनाच्याच मालकीची होती. मालकी हाती असली की कात्री चालवावी लागत नाही, हा आणीबाणीचा धडा आपण विसरता कामा नये.

पुढे ९ फेब्रुवारी १९९५ रोजी, क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऐतिहासिक निर्णय दिला. न्या. पी. बी. सावंत त्या पीठावर होते. प्रसारणलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. तिच्यावर ना शासनाची मक्तेदारी चालेल, ना खाजगी धनिकांची, असा त्या निर्णयाचा आशय होता.

या तत्त्वाला अनुसरून वाहिन्यांच्या मालकीचे नियम झाले. अटलजींच्या शासनाने २००३ मध्ये वृत्तवाहिन्यांतील परकीय भांडवलावर २६ टक्क्यांची मर्यादा घातली. त्यामुळेच स्टार समूहाला आनंदबाजार समूहाशी ७४-२६ अशी भागीदारी करावी लागली. २००७ मधील 'स्टार माझा', म्हणजेच २०१२ पासूनची 'एबीपी माझा', ही त्याच भागीदारीतून जन्मली. २०१५ मध्ये ही मर्यादा ४९ टक्के झाली. तथापि शासनाची पूर्वसंमती आजही आवश्यक आहे.

केबलचे काय? तेथे २०१६ पासून शंभर टक्के परकीय भांडवलास पूर्वसंमतीविना मुभा आहे. लहरी जनतेच्या, तार मात्र व्यापाऱ्याची, असा यामागचा विचार दिसतो. अमेरिकेतही असाच भेद आहे. तेथे एका कंपनीच्या प्रक्षेपण केंद्रांना देशातील ३९ टक्के कुटुंबांपर्यंत पोहोचण्याची मर्यादा २००४ पासून आहे. केबल कंपन्यांवरील ३० टक्क्यांची मर्यादा मात्र न्यायालयाने २००९ मध्ये रद्द केली.

परंतु मित्रहो, वाहिनी कितीही स्वतंत्र असो, घराचे दार उघडते ते तारवाल्याच्या हातून. कोणती वाहिनी कोणत्या क्रमांकावर लावायची, कोणाकडून किती वहनशुल्क घ्यायचे, हे तोच ठरवतो. ज्या वाहिनीला दारातच अडवले, तिच्या स्वातंत्र्याला अर्थ काय उरतो?

तामिळनाडू शासनाने २००७ मध्ये 'अरसू केबल' हे महामंडळ स्थापले. पुढे सत्तापालट होत राहिले. तार मात्र शासनाच्याच हाती राहिली. राज्य शासनांनी प्रसारण व वितरणाच्या व्यवसायात पडू नये, अशी सूचना केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये दिली. पण सूचना म्हणजे कायदा नव्हे.

दुसरीकडे खाजगी क्षेत्रात, २०१८ मध्ये रिलायन्सने 'डेन' आणि 'हॅथवे' या मोठ्या केबल कंपन्यांचे नियंत्रण घेण्याचे जाहीर केले आणि २०२४ मध्ये स्टारच्या वाहिन्याही त्याच समूहाच्या छत्राखाली आल्या. यात बेकायदा काही नाही, आणि चिंतेचे कारण नेमके तेच आहे. मालक स्वदेशी आहे म्हणून मक्तेदारी पवित्र ठरत नाही. दीनदयाळजींनी मांडलेल्या विकेंद्रित अर्थरचनेत सत्तेच्या एकवटण्याला स्थान नाही, मग ती शासनाची असो वा भांडवलाची.

यावर उपाय नाही असे नाही. २००१ च्या डीटीएच धोरणात वाहिनी आणि केबल कंपन्यांना डीटीएच कंपनीत २० टक्क्यांहून अधिक भागभांडवल ठेवण्यास मनाई होती. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००९ आणि २०१४ मध्ये माध्यमांच्या मालकीविषयी सविस्तर शिफारशी केल्या. शासन आणि राजकीय पक्ष यांना या क्षेत्रापासून दूर ठेवावे, हेही सुचविले. त्या शिफारशींना कायद्याचे रूप लाभलेले नाही.

म्हणून वाहिनी आणि तार यांच्या मालकीचा एकत्रित विचार करणारा कायदा व्हावा, ही मागणी आपण आपापल्या लोकप्रतिनिधींकडे आग्रहाने मांडली पाहिजे. विचारांच्या लढाईत आपल्याला कोणाची मेहेरबानी नको. मार्ग सर्वांना मोकळा असावा, एवढेच हवे. आज दार आपल्याला अनुकूल असलेल्याच्या हाती आहे, म्हणून स्वस्थ बसणारा समाज उद्या स्वतःच दाराबाहेर उभा राहतो.