संरक्षण आणि संवर्धन : दोन शब्दांतील अंतर



परिसंस्था, अन्नसाखळी, जैवविविधता, संवर्धन हे शब्द आपल्या मुलांच्या पुस्तकात असतात. मुले व्याख्या पाठ करतात, गुण मिळवतात आणि परीक्षा संपताच विसरून जातात. आपल्यालाही वाटते, हे पुस्तकी शब्द. व्यवहारात त्यांचा उपयोग काय? म्हणून आज एकच उदाहरण आपल्यापुढे ठेवतो.

राजस्थानात भरतपूरजवळ केवलादेव हे सुमारे २९ चौरस किलोमीटरांचे राष्ट्रीय उद्यान आहे. मुंबईत जन्मलेले थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली (१८९६-१९८७) या जागेच्या रक्षणासाठी फार झटले. तेथील उथळ पाणी, गवत, किडे, मासे, पक्षी आणि आसपासच्या गावांतून चरायला येणाऱ्या म्हशी या साऱ्यांचा एकमेकांशी संबंध होता. अशा एकत्र संसारालाच परिसंस्था म्हणतात. पाणवनस्पती किडे खातात, किडे मासे खातात, मासे बगळा खातो; ही अन्नसाखळी. आणि एका जागी नाना जातींचे जीव नांदणे ही जैवविविधता.

म्हशींमुळे पक्ष्यांचे नुकसान होते, असे तेव्हा पुष्कळ जाणकारांनाही वाटत होते. १९८२ साली तेथे चराई बंद करण्यात आली. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांचा गोळीबार झाला आणि काही माणसे प्राणास मुकली. मात्र पक्षी वाढले नाहीत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी अनेक वर्षे निरीक्षण केले, तेव्हा उलटच आढळले. म्हशी जे गवत खात होत्या ते आता बेसुमार माजले, उघडे पाणी झाकले गेले आणि पाणपक्ष्यांना जागा अपुरी पडू लागली. ज्या म्हशीला आपण शत्रू समजलो, ती त्या संसारातली एक कामकरी होती!

मित्रहो, संरक्षण आणि संवर्धन यांतील अंतर येथे स्पष्ट होते. संरक्षण म्हणजे हानी करणाऱ्याला अडविणे. संवर्धन म्हणजे कोण कोणावर अवलंबून आहे हे नीट जाणून, माणसाच्या गरजेसह सर्वांचा सांभाळ करणे. पहिल्याला कुंपण पुरते, दुसऱ्याला अभ्यास लागतो. अभ्यासाआधी कुंपण घातले, तर त्याची किंमत बहुधा गरिबालाच मोजावी लागते.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावी. पुरावा विरुद्ध गेला तेव्हा अभ्यासकांनी तो दडवला नाही. तो छापून जगापुढे मांडला. यालाच विज्ञाननिष्ठा म्हणतात.

पालकांना माझी विनंती आहे. आज घरी गेल्यावर मुलांना व्याख्या विचारू नका. गावच्या तळ्यावर, ओढ्यावर किंवा खाडीवर त्यांना घेऊन जा आणि विचारा, “येथे कोण कोणावर जगते?” उत्तर आपल्यालाही येत नसेल, तर दोघांनी मिळून शोधा. शिक्षणाची खरी सुरुवात तेथूनच होते.